शेजारच्या सीटचं वजन

साडूच्या गॅरेजातल्या, चाकांची रेषा तपासणाऱ्या मशीनवर सासऱ्यांची गाडी चढली, तेव्हा मिस्त्रीने आपला फायदा मनातल्या मनात मोजून घेतला. मशीन हरलं तर त्याला एक वाक्य मिळणार होतं. सासऱ्यांच्या तोंडचं, साडूच्या देखत, आणि जमलं तर दोघी बहिणींच्याही. ‘हे तुलाच जमतं.’ बस्स, एवढंच. बावीस वर्षं तो त्या घरचा थोरला जावई होता, आणि बावीस वर्षांत हे तीन शब्द त्याच्या वाट्याला आले नव्हते. धाकट्या जावयाला सासरे साखरपुड्यापासून ‘साहेब’ म्हणत. याला मिस्त्री.

भिंतीवरच्या पडद्यावर चारही चाकं एकामागून एक हिरवी झाली.

“अलाइनमेंट एकदम बरोबर आहे बाबा,” साहेब म्हणाले. “हात लावायचीसुद्धा गरज नाही.”

“मग ओढते कशाने?”

“हवा कमी-जास्त असेल. भरून देतो.”

सासऱ्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी सरकारी कचेरीत नकाशे काढले होते. केसभर चुकलेली रेघ त्यांना टेबलाच्या पलीकडून दिसायची. गाडी त्यांच्या बाजूला ओढते म्हणजे ओढते.

मिस्त्री दाराशी उभा होता. आत यायला त्याला कोणी मनाई केली नव्हती, पण ती पांढरी फरशी पाहिली की त्याला आपले बूट आठवायचे. “जेवायला बसावं इतकी स्वच्छ आहे,” असं त्याची बायको बहिणीच्या या फरशीबद्दल म्हणाली होती, आणि तेव्हापासून दोन दिवस मिस्त्रीला घरचं जेवण गोड लागलं नव्हतं. काचेची केबिन, कामगारांच्या शर्टांवर विणलेली नावं, एकाचंही नख काळं नाही. असल्या लोकांचा भरवसा कसा धरायचा, असं तो स्वतःला विचारी, आणि रात्री स्वतःची नखं ब्रशने घासून काढी.

गाडी का ओढते हे त्याला ठाऊक होतं. जगात त्या एका माणसालाच ठाऊक होतं, म्हटलं तरी चालेल.

गाडी तीस वर्षांची. चालवणाऱ्याच्या बाजूची स्प्रिंग केव्हाच बसली होती आणि तसली नवी स्प्रिंग बनवणारा कारखानाच बंद पडला होता. मिस्त्रीने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. चाकांच्या दोन्ही अंगांना दोरी ताणायची, पोलादी पट्टीने दोरीपासूनचं अंतर मोजायचं, पण मोजताना सासरे स्टिअरिंगवर हवेत आणि सासूबाई शेजारी. सासूबाईंचं वजन हा काही हसण्यावारी न्यायचा विषय नव्हता. त्यांच्या बाजूने गाडी जेवढी दबे, तेवढीच ती बसकी स्प्रिंग दुसऱ्या बाजूने दबे, आणि गाडी नाकासमोर चाले. दर सहा महिन्यांनी सासूबाई विणकामाची पिशवी घेऊन तासभर गाडीत बसत. “मला काय, वजन म्हणून बोलावतात,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मागच्या वर्षी त्या गेल्या. गाडी रिकामी असली तर सरळ, दोघं बसली तर सरळ. सासरे एकटे बसले की मात्र कलायची आणि ओढायची. आणि ते आता एकटेच असत. नदीपलीकडे त्यांचा एक मित्र होता, अंथरुणाला खिळलेला. रोज सकाळी त्याच्याशी बुद्धिबळाचा एक डाव, यासाठी ते गाडी काढत. तिकडे बस जात नव्हती.

तेव्हा “बाबांना आत बसवून माप,” एवढं साडूला सांगितलं असतं तर काम अर्ध्या तासाचं होतं. पण सासरे गाडी घेऊन आधी साडूकडे गेले होते. मिस्त्रीला ते बायकोकडून कळलं, आणि तेही भाजी निवडता निवडता. “आता दोऱ्या कशाला ताणायच्या, असं धाकटी म्हणाली बाबांना.” मिस्त्रीने ठरवलं, की मशीनला आधी हरू द्यायचं. मग आपण दोरी काढायची.

दहा दिवसांनी गाडी पुन्हा मशीनवर चढली. पुढच्या एका टायरची कड कोणीतरी किसल्यासारखी झिजली होती. पडदा पुन्हा हिरवा. या वेळी साहेब स्वतः गाडी चालवायला बसले आणि सासऱ्यांना त्यांनी शेजारी बसवलं. मोठ्या रस्त्यावर त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले. गाडी सुतासारखी सरळ गेली. परतल्यावर साहेबांनी मशीनचा कागद छापून घेतला. दाराशी उभ्या मिस्त्रीला मात्र प्रथमच काहीतरी खटकलं. मशीन हरत नव्हतं, आणि कोणीतरी तर हरायलाच हवं होतं.

कोण हरलं ते रविवारी कळलं. सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमले होते. मेहुणीने मशीनचे छापील कागद ताटांच्या मधोमध ठेवले. बोलली फार हळुवार. गाडी दोनदा तपासली, ती सरळ आहे, यांनी हात सोडून चालवली. मग या वयात होतंच थोडंफार, असं म्हणाली. मिस्त्रीच्या बायकोने मान डोलावली. पुलाचा कठडा, सकाळची शाळेची पोरं, असं सगळं निघालं. बाबांच्या हातांचं नाव कोणी काढलं नाही, पण सगळे सासऱ्यांच्या हातांकडेच बघत होते.

मिस्त्रीच्या तोंडात घास होता. आता बोलायचं तर इतके दिवस गप्प का बसलो, तेही सांगावं लागणार होतं. घास त्याने बराच वेळ चावला.

सासऱ्यांनी पेन्सिल मागितली. एक कागद उलटा केला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टी न धरता एक रेघ ओढली. रेघ सरळ होती.

“छान आहे बाबा,” मेहुणी म्हणाली. बालवाडीतल्या मुलाला म्हणतात, तशी.

सासऱ्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि त्या रेघेवर ठेवली.

सोमवारी सकाळी मिस्त्री दोरी घेऊन गेला. किल्ली बायकोच्या पर्समधून आणली होती. अंगणातच त्याने दोरी ताणली, रिकाम्या गाडीचं माप घेतलं आणि सासऱ्यांना स्टिअरिंगवर बसायला सांगितलं. मग पट्टी चाकाशी धरली. सासऱ्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं. नकाशे काढलेला माणूस, त्याला समजवावं लागलं नाही. शेजारच्या सीटवर त्यांनी हात ठेवला.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि बोलला नाहीस.”

“त्याचं मशीन चुकावं म्हणून.”

सासऱ्यांनी पट्टीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

“हे तुलाच जमतं,” ते म्हणाले.

ऐकायला कोणी नव्हतं.

मिस्त्रीने गाडी एकट्या माणसाच्या मापाने लावून दिली. घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. बायको बहिणीशी बोलली. मेहुणी म्हणाली, भाऊजींना आमचं मशीन पहिल्यापासून खुपतंय, हे काय आजचं आहे का? साहेब बिचारे म्हणाले, की दादांनी बाबांचं मन राखायला काहीतरी काढलंय, आपण वाद घालू नये. एकीकडे दोन छापील कागद, दुसरीकडे दोरी, आणि ती दोरी कोणाच्या हातात होती हे साऱ्या घराला माहीत. किल्ली पर्समध्येच राहिली.

आता दर रविवारी मिस्त्री सासऱ्यांना नदीपलीकडे नेतो. रोजचा डाव आठवड्यावर आला, त्यामुळे मित्र म्हणे मधल्या दिवसांत चाली विसरतो. सासरे शेजारच्या सीटवर बसतात, हात गुडघ्यांवर. गाडी एकट्याच्या मापाची, आणि आत दोघं. त्यामुळे ती आता सासऱ्यांच्या बाजूला ओढते आणि मिस्त्रीला पुलाच्या टोकापर्यंत स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागतं. पुन्हा दोघांच्या मापाने लावून घेणं त्याला कठीण नाही. पण तसं केलं, की सासरे परत कधी एकटे चालवणार नाहीत हे आपल्याच हाताने कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तो लावत नाही.

हिशेब बघायला गेलं तर साधा आहे. मशीनचं काहीच गेलं नाही. साहेबांचंही नाही. मिस्त्रीला हवं होतं ते वाक्य मिळालं, अक्षर न् अक्षर. किंमत सासऱ्यांनी भरली.

“ओढते का रे?” पुलावर आलं की ते विचारतात.

“नाही बाबा,” मिस्त्री म्हणतो, आणि मनगटं दुखेपर्यंत गाडी सरळ ठेवतो.