बाबांनी काठ धरला

थोरलीला ही बातमी घरच्यांनी नाही, लॉन्ड्रीवालीने दिली. गुरुवारी संध्याकाळी कामावरून सुटून ती नेहमीप्रमाणे बाबांकडे निघाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून बाई हातातली इस्त्री उभी करून बाहेर आली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अभिनंदन हो! शेवटी तुमचे बाबाही आमच्यात आले."

"कोण आलं? कुठे आलं?"

"अहो, मसीहाला मानलं ना त्यांनी! पाद्रीबाबांनी काल प्रार्थनेत सगळ्यांना सांगितलं. रविवारी घरीच बाप्तिस्मा आहे म्हणे. तुम्हाला माहीत असेलच की."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॉन्ड्रीवालीचा बिचारीचा काय दोष, म्हणून तिने कसेबसे हात सोडवून घेतले आणि उरलेला रस्ता ती जवळजवळ पळतच गेली. बाबा! सत्तर वर्षं मसीहाची वाट पाहिलेला माणूस! गेले अडीच महिने ज्याच्या तोंडून धड शब्द फुटत नाही, त्याने म्हणे मानलं. कोणत्या तोंडाने मानलं?

बाबा यहुदी, आणि शिंपी. दोन्ही सारख्याच निष्ठेने. रोज सकाळी दाढी करून, प्रार्थना करून मगच दुकानाची फळी काढायचे. मसीहा, म्हणजे देवाने कबूल केलेला तारणारा, ख्रिस्ती म्हणतात तसा येऊन गेलेला नाही, अजून यायचा आहे आणि तो आजही येऊ शकतो, हे त्यांचं ठाम मत. गिऱ्हाइकाने विचारलं, "पँट कधी मिळेल?" की ते म्हणायचे, "आज मसीहा आला नाही, तर मंगळवारी." त्यांचा धाकटा मुलगा मात्र पाच वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती मुलीच्या प्रेमात पडला. आधी मुलीच्या आणि मग तिच्या देवाच्या, असं थोरली म्हणायची, आणि दोन्हींत तो खरोखरच बुडाला होता. त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी मात्र माप घ्यायची पट्टी घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले. परक्याने शिवलेला कोट घालून माझ्या मुलाने देवासमोर उभं राहायचं नाही, मग तो कोणाचाही देव असो, असं म्हणून लग्नाचा कोट त्यांनी स्वतः शिवला.

त्यानंतरही एकाच दुकानात, पाठीला पाठ लावून बापलेकांची दोन मशीनं चालत आणि तोंडंही चालत.

"आला असता, तर जग असं दिसलं असतं का रे?"

"तो पुन्हा येणार आहे, बाबा."

"म्हणजे पहिल्या वेळी काम अर्धवट टाकून गेला? मी गिऱ्हाइकाला असं सांगून बघतो हं एकदा."

धाकटा चिडायचा, बाबा हसायचे, गिऱ्हाइकं मजा बघायची. कोणी कोणाला ओढून नेत नव्हतं. आणि आता माणूस खाटेला खिळल्यावर, उलट बोलू शकत नाही अशा वेळी, त्याच्या वतीने परस्पर निकाल लावून मोकळे झाले!

धाकटा दुकानात एकटाच होता. मशीन चालू होतं. थोरलीने पिशवी कटिंगच्या टेबलावर आदळली.

"रविवारी काय आहे म्हणे?"

मशीन थांबलं. "ताई, मी आज तुला सांगणारच होतो."

"लॉन्ड्रीवालीने सांगितलं. तिच्या नवऱ्यालाही माहीत असेल. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही माहीत असेल. फक्त पोटच्या मुलीला माहीत नाही. काय झालं ते नीट सांग, आणि वर बघून सांग."

धाकट्याने सांगितलं, पण वर बघितलं नाही. मंगळवारी पाद्रीबाबा आले होते. तसे ते आजारी माणसांकडे जातातच. बाबांच्या उशाशी उभं राहून त्यांनी प्रार्थना म्हटली. प्रार्थना चालू असताना बाबांनी चालता हात, म्हणजे डावा, पुढे केला आणि पाद्रीबाबांच्या काळ्या झग्याचा काठ दोन बोटांत धरला. सोडेनातच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाद्रीबाबांनाही भरून आलं. एका आजारी बाईने गर्दीतून पुढे होऊन मसीहाच्या वस्त्राचा काठ धरला आणि ती बरी झाली, ही त्यांच्यातली लहान मुलांनाही पाठ असलेली गोष्ट. हा माणूस बोलू शकत नाही, म्हणून त्याने तसं करून दाखवलं, असं ते म्हणाले.

थोरलीला हसू फुटलं, आणि ते हसू अर्ध्यावरच रागाने गिळलं.

"काठ धरला? दोन बोटांत? अरे, बाबा डॉक्टरच्या कोटाची बाही अशीच धरतात. त्या मालिशवालीच्या ॲप्रनचा खिसा धरतात. परवा माझ्या नव्या ब्लाउजची शिवण धरून अशी मान हलवली की मी तो पुन्हा घातलाच नाही. आणि डोळ्यांतलं पाणी? तो अर्धांगाचा झटका आल्यापासून तो डोळा सारखाच गळतो! तू दिवसरात्र त्यांच्याजवळ असतोस. तुला हे माहीत नाही?"

"पाद्रीबाबांची खात्री आहे, ताई."

"पाद्रीबाबांची असेल. तुझं काय?"

धाकट्याने मशीनचं चाक हाताने पुढे-मागे केलं.

शुक्रवारी थोरलीने अर्धा दिवस रजा टाकली. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग करायची. रजा सहजासहजी मिळत नसे. ती गेली थेट आपल्या लोकांच्या दफनभूमीकडे, आणि आईच्या शेजारची जागा बाबांचीच आहे, ती कोणीही, अगदी त्यांच्या मुलानेही सांगितलं तरी, दुसऱ्याला द्यायची नाही, असं राखणदाराकडून तीनदा वदवून घेतलं. राखणदार म्हणाला, "कधी गेले?" तर त्याच्यावरही ती खेकसली. परत येताना तिला वाटलं, आपण बाबांसाठी केवढं लढतो आहोत.

रविवारी दुपारी सगळे जमले. भावजय, तिचे आईवडील, पाद्रीबाबा. खाटेजवळच्या स्टुलावर पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर काचेच्या वाडग्यात पाणी. बाबांना उशांना टेकवून बसवलं होतं. त्यांच्या अंगात धुतलेला सदरा होता. ते वाडग्याकडे नाही, खिडकीकडे बघत होते.

थोरली खाट आणि स्टूल यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आधी त्यांना विचारा," ती म्हणाली.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे ना," भावजय हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांना कळतं सगळं. पण त्यांचं हो आणि नाही यांची सरमिसळ होते. चहा हवा का विचारलं की मान हलवतात आणि कप पुढे केला की तोंड फिरवतात."

"हो का? म्हणजे चहाचं हो खरं धरायचं नाही, आणि धर्माचं धरायचं! तेही तोंडाने नाही, बोटांनी म्हटलेलं!"

भावजयीची आई म्हणाली, "अहो, आम्ही त्यांच्या भल्याचंच..."

"माझ्या बापाचं भलं तुम्ही करू नका. त्यांना सत्तर वर्षं वाट बघायची हौस होती, शेवटचे चार दिवस तेवढे त्यांच्याकडे राहू द्या. तुमचा आला असेल, तर तुम्हाला लखलाभ. त्यांचा यायचाय. न येणाऱ्याची वाट बघण्याचाही माणसाला हक्क असतो की नाही?"

पाद्रीबाबा वयाने थोर, आवाजाने मऊ. त्यांना राग आला नाही, याचा थोरलीला आणखी राग आला. ते म्हणाले, "मुली, मी कुणावर जबरदस्ती करत नाही. चाळीस वर्षांत कधी केली नाही. त्यांनी काठ धरला, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"मग पुन्हा बघा. या इकडे. जवळ उभे राहा."

पाद्रीबाबा खाटेला लागून उभे राहिले. बाबांनी खिडकीवरची नजर काढली, झग्याकडे बघितलं. डावा हात हळूहळू उचलला गेला आणि दोन बोटांत काळा काठ आला. भावजयीच्या आईने हात जोडले.

थोरलीने चष्मा लावला आणि वाकली.

बाबांचा अंगठा काठावरून सरकत होता. सरकत सरकत एका जागी थांबला. तिथे फोड आल्यासारखी दुमड फुगली होती. हातशिलाईची जागा, आणि त्यावर मशीन मारलेलं, लांब लांब टाके, दोरा काळा नाही तर गडद निळा. बाबांनी नख घातलं. टाका निघेना. त्यांनी पुन्हा घातलं, आणि त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडातून आवाज आला, "च्च."

अडीच महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला स्पष्ट आवाज. या घरात तो कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. चुकलेल्या प्रत्येक बाहीमागे, वाकड्या गेलेल्या प्रत्येक खिशामागे धाकट्याने पंधरा वर्षं तो ऐकला होता.

थोरली सरळ उभी राहिली. "हा झगा कोणी शिवला?"

"नवाच आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "लांबीला जास्त होता, म्हणून..." आणि ते धाकट्याकडे वळले.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी आखूड केला," तो म्हणाला. "घाईत. मशीनवर. निळा दोरा लावलेला होता, तो बदलायचा कंटाळा केला." तो पाद्रीबाबांकडे वळला. "पाद्रीबाबा, ते उसव म्हणतायत. मंगळवारीही तेच म्हणत होते. त्यांनी तुमच्याकडे बघितलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते."

"देव आपल्याला कुठल्याही निमित्ताने..." पाद्रीबाबांनी सुरुवात केली.

"निमित्त देवाचं नव्हतं, पाद्रीबाबा," धाकटा म्हणाला. "चूक माझी होती."

पाद्रीबाबांनी खाली वाकून बाबांची बोटं स्वतःच हलकेच काठावरून सोडवली आणि आपल्या हातात धरली. "माफ करा, शिंपीदादा," एवढंच म्हणाले. बुधवारी जे सांगितलं ते येत्या बुधवारी आपणच दुरुस्त करू, असं त्यांनी थोरलीला दारात सांगितलं. भावजयीचे आईवडील त्यांच्या मागोमाग गेले. भावजय वाडगा उचलून आत घेऊन गेली आणि आतच थांबली.

आता खोलीत बाबा आणि ही दोघं. जिंकल्यावर राग ओसरतो म्हणतात, थोरलीचा दुप्पट झाला.

"तुला माहीत होतं! पहिल्या क्षणापासून माहीत होतं. स्वतःचा टाका तुला ओळखू येईना? आणि तू त्या भल्या माणसाला गावभर खोटं बोलायला लावलंस. बापाच्या बोटांचा अर्थ विकलास! लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"मग काय, ताई?" धाकटा एकदम ओरडला. "तुझं ठीक आहे! ते गेले की आईशेजारी जातील, तू गेलीस की तूही तिथेच. सगळे एकत्र वाट बघत बसाल. माझं काय? मी ज्याला मानतो ते मी मनापासून मानतो, ते मला सोडता येत नाही. आणि त्यात बाबा नाहीत. मेल्यावर ते एकीकडे आणि मी दुसरीकडे. कायमचं. म्हणून खोटं बोललो. म्हटलं, बघू या, चालून जातंय का."

थोरलीने तोंड उघडलं. सुनवायला पुष्कळ होतं. गेले तीन दिवस तिने मनात घोळवून घोळवून धार लावली होती. पण तिला राखणदार आठवला. कधी गेले, असं त्याने विचारलं होतं, आणि जिवंत माणसाची जागा पक्की करायला आलेल्या बाईला दुसरं काय विचारणार? हा त्यांना तिकडे धाडायला निघाला होता, ती इकडे. तीन दिवसांत दोघांपैकी कोणीही त्यांच्याजवळ नुसतं बसलं नव्हतं. सदरा तेवढा धुतलेला घातला होता, तोही पाहुणे येणार म्हणून.

ती बाबांकडे वळली. गालांवर चार दिवसांचे पांढरे खुंट वाढले होते. हनुवटीखाली सकाळच्या पेजेचा ओघळ वाळून चिकटला होता. दाढी केल्याशिवाय ज्याने आयुष्यात दुकानाची फळी काढली नाही, तो माणूस तसाच उशीला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होता, आणि बोलता येत नसल्यामुळे दोघांचंही ऐकून घेत होता.

"अरे, अजून आहेत ना ते!" थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "इथे बसलेत आपल्यासमोर, गाढवा. अजून आहेत. जा, पाणी गरम कर. आणि वस्तरा आण."

धाकटा उठला.