फळ्याच्या कोपऱ्यातलं नाव

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानावर शालिकराम सरांचा इंग्रजीचा क्लास चालतो, तिथल्या भिंतीवर मी टांगलेला असतो. सुतारानं मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, अंगावर फुलं निघतील, चित्रं निघतील. कसचं काय! नशिबी आली इंग्रजीची क्रियापदं. आपल्या मराठीत 'ऐकणे' म्हटलं की भागतं. इंग्रजीत सहज कानावर पडलं तर 'हिअर', कान देऊन ऐकलं तर 'लिसन'. 'पाहणे'साठी तर सी, लुक आणि वॉच असे तिघं भांडतात! भल्याभल्यांची त्रेधा उडते.

सर मनाचे चांगले, पण त्यांची एक रीत होती. जो चुकेल त्याचं नाव माझ्या डाव्या कोपऱ्यात लिहायचं आणि त्यानं सर्वांसमोर बरोबर बोलून दाखवेपर्यंत पुसायचं नाही. खडू त्या कोपऱ्याकडे वळला की माझ्या काळजात धस्स व्हायचं.

एकदा तिथे सरिताचं नाव आलं. काटोलकडची पोर, नर्सिंग झालेली. शनिवारी तिची दवाखान्यात इंग्रजीतून मुलाखत होती. नोकरी हुकली तर बाबा तिला गावी परत नेणार होते. 'लिसन'च्या जागी ती 'हिअर' म्हणाली, मागच्या बाकावरचा पियुष फिसकन हसला आणि पोरगी पांढरीफटक पडली.

दुसऱ्या दिवशी ती जिना चढून आली, दारातून माझ्याकडे पाहिलं अन् तशीच उतरून गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. शनिवार जवळ येत होता. माझा जीव टांगणीला लागला. मला ना हाक मारता येई, ना अंगावरचं नाव झटकता येई!

शेवटी तिची मैत्रीण वेदिका बोलली. "सर, सरिता रोज येऊन राहिली जी. दारातूनच वापस जाते."

"काहून वं?"

"फळ्यावर नाव दिसते ना जी तिले. लय भेव वाटते."

सरांचा चेहरा उतरला. "अन् मी समजून राहिलो होतो, पोरगी आळस करते!" त्यांनी डस्टर उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "पुसलं तर तिले वाटन, आपण एकटीच चुकलो." त्यांनी तिच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. "मी बी असाच चुकत होतो." मग वेदिकानं उठून आपलंही नाव लिहिलं. मान खाली घालून पियुषही उठला. बघता बघता कोपरा नावांनी भरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरिता दारात आली. कोपऱ्यातलं एकेक नाव वाचू लागली. आता वळते की काय, या भीतीनं मी गार पडलो. पण ती आत आली. सर्वांसमोर 'लिसन'चं वाक्य बोलू लागली. मध्येच अडली. "थांबा जी सर," म्हणाली आणि तेच वाक्य पुन्हा नीट म्हटलं. कोणी हसलं नाही.

शनिवारी दिवसभर माझं सारं लक्ष जिन्याकडे होतं. संध्याकाळी ती जिन्यातूनच ओरडली, "लागली जी सर, लागली!"

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे. उद्या मला भिंतीवरून काढतीलही, त्याची धास्ती आहेच. पण तोवर एवढं ऐका. चुकणाऱ्याला हसू नका. तो बिचारा भीत भीत दारापर्यंत आलेला असतो. त्याला आत घ्या.