पिल्लाला, पिल्लूला

लेक झोपली की माझं दुकान उघडायचं. शटर नाही, पाटी नाही, काउंटर नाही. बाथरूमबाहेर कपडे धुण्याचं मशीन आहे, त्यावर फोन टेकवायचा, एक कान आतल्या खोलीकडे ठेवायचा आणि उभ्याउभ्या व्यापार करायचा. मशीन घरघरत असलं की ती जरा जास्त झोपते, म्हणून कितीदा तरी धुतलेलेच कपडे मी पुन्हा आत टाकून फिरवले. आमचे टॉवेल त्या दिवसांत इतके स्वच्छ होते की विरायला लागले.

हा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी होता. माझी बाळंतपणाची रजा, पुढे वाढवून घेतलेली बिनपगारी धरून, संपत आली होती. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पाळ्या बदलत्या, कधी पहाटेची, कधी रात्रीची. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला कुठूनही, कधीही बोलावणं येतं. अशा अडनिड्या वेळांना मूल ठेवून घेणारं पाळणाघर आम्हाला मिळालं नाही. तेव्हा ठरलं ते असं: रजा संपेपर्यंत घरबसल्या काही जमलं, तर मी नोकरी सोडायची. नाही जमलं, तर लेकीला सासूबाई त्यांच्याकडे घेऊन जाणार. लांब आहे ते. शाळेत जायची होईपर्यंत ती तिकडेच राहणार.

"म्हणजे दुकान आहे, पण दुकानात काही नाही?" नणंदेनं विचारलं. तिचं पार्लर आहे. सुट्टीच्या दिवशी ती येऊन माझ्या भुवया आणि माझी अक्कल, दोन्ही सरळ करून जाते.

"मागणी आली की मी ती परदेशातल्या पुरवठादाराला कळवायची. तो माल परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. मधला फरक माझा. ड्रॉपशिपिंग म्हणतात."

"आणि माल तू बघणारसुद्धा नाहीस?"

"फोटो असतो ना."

"वहिनी, दादाचासुद्धा तू आधी फोटोच बघितला होतास."

आम्ही इतक्या हसलो की तिच्या दातातला दोरा सुटला आणि माझी एक भुवई तशीच राहिली. मग ती गंभीर झाली. "एखादा नग मागवून तरी बघ गं."

पण नग समुद्रापलीकडून यायला आठवडे लागतात, आणि माझ्याजवळ वाया घालवायला आठवडे नव्हते. शिवाय ज्या सरांचे व्हिडिओ बघून मी हे शिकत होते ते म्हणायचे, मालात जीव अडकवू नका, वर्णनात जीव ओता.

वर्णन मला जमतं. पुरवठादाराचं परक्या लिपीतलं पान फोन आपोआप मराठीत करून दाखवायचा, आणि एके दिवशी त्यात तो कोट दिसला. टोपीवाला, आतून लोकरीचा, पांढऱ्या फळीवर पालथा पसरलेला. खाली लिहिलं होतं: ‘पिल्लासाठी हिवाळी कोट. पिल्लाला फिरायला नेताना उबदार. पिल्लू प्रसन्न.’

मला भरून आलं. लेकीला आम्ही दुसरं काही म्हणतच नाही. तिचं खरं नाव दवाखान्याच्या कार्डावर असतं. घरात ती पिल्लू. कुठे ते परक्या देशातलं गोदाम, आणि तिथंही कुणी बाळाला पिल्लू म्हणतंय! मापंही किती बारकाईनं दिलेली: छातीचा घेर, पाठीची लांबी, शिवाय मानेचं माप. बाळाच्या कपड्याला मानेचं माप कुणी देतं का? मला वाटलं, किती काळजी घेणारी माणसं आहेत. झोपलेल्या लेकीची छाती टेपनं मोजली. बरोब्बर जुळली. खालची बाजू उघडी होती, ती लंगोट बदलायला सोयीची. पाठीवर एक छोटी कडी होती, ती खुंटीला अडकवायला. असं सगळं मी समजून घेतलं आणि तसंच लिहूनही टाकलं.

वर्णन लिहायला तिच्या तीन-चार झोपा लागल्या. तुमच्या पिल्लूला बाहेर काढताना तुम्ही स्वतःची ओढणी तिच्या कानांभोवती धरता ना, असं सुरू केलं होतं. लिहिताना मी आतल्या खोलीकडे बघायची. मुठी उशीवर टाकून ती झोपलेली असायची, जणू कुणाला शरण आल्यासारखी.

पहिली मागणी आली तेव्हा मी मशीनवर हात आपटला आणि ती जागी झाली. तिला कडेवर घेऊन घरभर नाचले. मग कुठल्याशा आयांच्या गटात कुणी तरी माझं वर्णन पुढे पाठवलं. ‘वाचून रडू आलं’, ‘माझ्या पिल्लूला घेतला’, ‘बहिणीच्या पिल्लूलाही घेतला’. मागण्यांवर मागण्या. आली की मी पुढे कळवायची, पुरवठादाराचे पैसे भरायची, मोकळी. नवरा स्क्रूड्रायव्हर खिशात तसाच ठेवून माझ्या खांद्यावरून बघत राहायचा. एका संध्याकाळी म्हणाला, "अगं, राजीनामा लिहायचा कसा असतो?" तेवढंच. पण त्या संध्याकाळी सासूबाईंच्या घराचा विषय पहिल्यांदाच निघाला नाही.

पार्सलं पोचायला लागली आणि फोन वाजला.

"अहो, तुमच्याकडे लहान मूल आहे का हो?" एका बाईचा आवाज. मागे बाळ रडत होतं.

"आहे की. दहा महिन्यांची मुलगी."

"तिला शेपूट आहे का?"

मला वाटलं, चुकून लागला असेल फोन.

"नाही, मी आपली विचारतेय. कारण तुम्ही पाठवलेल्या कोटाला शेपटीला जागा ठेवलीय. बाह्या पोटाखाली आहेत. चार पायांवर चालत असेल तर बसेल म्हणा. आणि ती कडी कशाला आहे सांगू? पट्टा अडकवायला. माझ्या सासूनं ओळखलं. पोट धरून हसतायत बाहेर."

"मी बघते," मी म्हटलं. "मी बघून सांगते."

"आता बघताय?" ती म्हणाली. त्यात राग कमी होता आणि नवल जास्त. त्या नवलानंच मला अंगभर लाज वाटली.

नवरा घरी आल्यावर मी त्याच्यापुढे फोन धरला. लिफ्टची वायर शोधावी तसं बोट फिरवत त्यानं ते पान वाचलं. मग हळूच म्हणाला, "अगं, आपण काय म्हणतो? पिल्लूला दूध दे. पिल्लूला घे. त्यांनी काय लिहिलंय? पिल्लाला."

"म्हणजे?"

"पिल्लाला म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाला. आपलीला कुणी ‘पिल्लाला’ म्हणेल का?"

मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. पिल्लाला फिरायला नेताना. खरंच, कुठलीच आई असं म्हणणार नाही. एवढा एक आकार मला दिसला नव्हता, आणि आता त्याच्याशिवाय काही दिसत नव्हतं. लेक जमिनीवर बसून त्याच्या बुटाची लेस चोखत होती. मला वाटलं, तो ओरडेल. त्यानं फक्त लेस तिच्या तोंडातून काढली आणि स्वतःच्या शर्टाला पुसली.

पुरवठादाराला लिहिलं, माल परत घ्या. उत्तर तत्परतेनं आलं, फोननं लगेच मराठीही केलं: ‘प्रिय मित्र, माल चांगला आहे. पिल्लू आनंदी नाही काय? कृपया पिल्लाचा फोटो पाठवा.’

पुढचं सगळं फार भराभर झालं. त्याच आयांच्या गटात कोट घातलेल्या एका मांजराचा फोटो फिरला, खाली माझंच वर्णन, शब्दन्‌शब्द. ज्या ओळींनी रडू आलं होतं त्याच ओळींनी हसू येत होतं. प्रत्येकीला पैसे परत द्यायचे होते, आणि ते पैसे मी कधीच तिकडे भरून मोकळी झाले होते. साठवलेलं गेलं, नवऱ्याचंही गेलं. मग एके दुपारी दुकानाचं पान उघडलं तर तिथे फक्त ‘हे दुकान उपलब्ध नाही’.

नणंद आली. माझी राहिलेली भुवई केली, मग म्हणाली, "ते कोट कुत्र्यांच्या लोकांना विकू या का? माझ्याकडे येतात दोघी-चौघी."

"कोट माझ्याकडे कुठायत?" मी म्हटलं. "एकही नाही. मी अजून हातात धरून पाहिलेला नाही."

तिनं दोरा बोटाला गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला.

रजा संपायच्या आधी सासूबाई आल्या. वाईट बाई असत्या तर बरं झालं असतं. त्या आल्या त्या गुडघ्याला पट्टा बांधून, लेकीसाठी स्वतः विणलेली टोपी घेऊन. मी त्यांना सांगत सुटले: झोपताना तिला आपला कान धरायला लागतो, डावाच. भात जरा गार झाला की थुंकते. शिंक आली की घाबरते, मग तिच्याकडे बघून आपण हसायचं, म्हणजे ती रडत नाही.

"पुरे गं," त्या म्हणाल्या. "मीही दोन वाढवलीत." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. "डावा कान म्हणालीस? बरं. आणखी?"

आणखी पुष्कळ होतं. मी सांगत होते, त्या मान हलवत होत्या, आणि नवरा दारात उभा राहून सारखा फोनमध्ये वेळ बघत होता.

बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. लेक रडली नाही. तिला वाटलं, फिरायला. तिला टाटा करायला नुकतंच येऊ लागलं होतं, पण अजून उलटं: तळहात आपल्याकडे वळवून बोटं मिटायची, उघडायची. बाळं करतात तशी. तिनं आम्हाला टाटा केला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बोलावतेय.

नवरा म्हणाला, "चल, तुला कामावर उशीर होईल."

बस वळेपर्यंत ती बोलावत राहिली.