गोड्या पाण्यातली कालवं

अंबूच्या भावाने मालवणहून ओल्या गोणपाटात बांधून जिवंत कालवं आणली. पिंपरीच्या खोलीतल्या गार कोपऱ्यात ती ठेवून अंबू बाजारात गेली. परतली, तर घाटावरच वाढलेल्या तिच्या नवऱ्याने, ज्योतीरामने, ती घंगाळात बुडवलेली.

"सुकतील म्हटलं."

"खाऱ्या पाण्यातला जीव विहिरीच्या पाण्यात जगतो होय? विचारायला तोंडाला कुलूप होतं?"

शिंपल्या आ वासून पडल्या होत्या. टिचकी मारूनही मिटेनात. संध्याकाळी कारखान्याचे साहेब जेवायला यायचे होते.

"मसाला जास्त घाल, कळायचं नाही," ज्योतीराम म्हणाला.

"आणि उलट्या झाल्या म्हणजे?"

अंबूने संतापाने घंगाळ परसातल्या खड्ड्यात उपडं केलं. साहेबांना पिठलं मिळालं, आणि का मिळालं तेही तिनेच वाढताना सांगितलं.