गाठीतलं कुंकू

अभिमनला कुणी नावं ठेवली नव्हती, आणि तेच त्याच्या जिवाला जास्त लागत होतं.

धरणगावात हिलालशेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो मुकादम. त्र्याण्णवच्या दसऱ्याला शेठच्या गाठी पहिल्यांदाच परदेशी निघाल्या होत्या. इथला कापूस मुंबईहून बोटीने जाणार, एका देशात त्याचं सूत, दुसऱ्यात कापड, तिसऱ्यात सदरे. शेठने सगळ्यांना बजावलं, "एक गाठ खराब निघाली तर पुढचे सूतवाले, कापडवाले बठ्ठे खोळंबतील आणि आपलं नाव कायमचं कटेल. सुतळी नको, केस नको, आणि यंदा गाठीला कुंकूबी नको."

कुंकू नको? मुहूर्ताची गाठ काय उघड्या कपाळाने धाडायची? अभिमनला काही केल्या ते पटेना. शेठची पाठ वळली तशी त्याने बेबाबाईला हाक मारली. ही कापूस निवडायला यायची. तिचा हात इतका गुणाचा की गल्लीत कुठलंही कार्य निघालं तरी पहिलं कुंकू तिनेच लावायचं. वरून लावलं तर शेठला दिसेल, प्रेसमध्ये गाठ दाबायच्या आधी आत कापसातच टाक, असं अभिमनने सांगितलं. तिनेही हात जोडून चांगलं मूठभर टाकलं.

फाल्गुनात शेठ गुलाबी डागांचा कापसाचा पुंजका घेऊन आला. तिकडे सुतावर लाल डाग उठले, गिरणी बंद ठेवावी लागली, आणि गाठीवरच्या खुणेवरून संशयाचं बोट थेट धरणगावाकडे वळलं. पुढचा माल बंद. कुणी केलं हे, शेठने विचारलं. बेबाबाईने अभिमनकडे एकदाच पाहिलं आणि आपणच टाकलं म्हणून सांगितलं. मुकादमी जाईल म्हणून अभिमन खाली मान घालून प्रेसचा दांडा पुसत राहिला. बेबाबाईला त्याच दुपारी कामावरून काढलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, अभिमनची लेक माहेरी आली. दरवर्षीसारखं तिने बेबाबाईला कुंकू लावायला बोलावून आणलं. बाई आली, पण करंडा पुढे केला तसे तिने हात पदराखाली घेतले.

"नको माय. मना हात आते चांगला नही शे."

कामावरून काढल्याचं दुःख नव्हतं तिला. आपल्याच हाताने अपशकुन झाला, असं धरून बसली होती ती. मग मात्र अभिमनला राहवलं नाही. हात कुणाचाही असता तरी डाग पडलाच असता, सांगणारा मी, घाबरून गप्प बसणारा मी, असं तो बायकोलेकीसमोर घडाघडा बोलून गेला.

बेबाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही घाबरनात, ते माले तवाच समजनं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "मंग शेठले कव्हा सांगशात?"

बायकोने पुरणपोळीचं ताट वाढायला घेतलं होतं. अभिमनने ते राहू दे म्हटलं आणि तो चपला शोधू लागला.