खिडकीबाहेरचा बाक

मित्रांनो, बसा. अंहं, त्या टोकाला नको, तिथली फळी उचकटली आहे, कपडे फाटतील. मी एक जुना लाकडी बाक. वय विचारू नका, मलाच नीट आठवत नाही.

मला घडवणारा सुतार अबोल होता. रंधा मारून झाला की माझ्यावरून तळहात फिरवायचा आणि कुठे खरखरीत लागलं की पुन्हा रंधा घ्यायचा. "मुलं बसणार आहेत," एवढंच म्हणायचा. शाळेतले माझे दिवस मजेत गेले. दोघांच्या जागेत तिघं बसायची, चिमटे काढायची, आणि शिक्षा झाली की माझ्यावर उभी राहायची. मग लोखंडी बाक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. गरज सरो, वैद्य मरो! बरीच वर्षं धूळ खाल्ल्यावर कुणाला तरी माझी आठवण झाली आणि मला या विद्यापीठात, आर्थिक मदतीच्या खिडकीसमोर आणून ठेवलं.

इथे कुणी चिमटे काढत नाही. इथली माणसं माझ्या कडेवर अर्धवट टेकतात, नंबर चुकेल या धास्तीने. कॉलरवाली मला इथेच भेटली.

ती शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची, म्हणून मीच तिला हे नाव ठेवलं. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या मानेकडे बघायची आणि "ही चार धुण्यांत उसवणार" असं पुटपुटायची. मुलगा कॉलेजच्या वयाचा आणि ही बाई स्वतःच पहिल्या वर्षाला! तिला शाळेत गणित शिकवायचं होतं. पदवीशिवाय कोण शिकवू देणार? आणि मदतीशिवाय फी कुठून भरणार? तिचा आणि नवऱ्याचा पगार घरातच संपायचा.

मदत मिळवायला तिने चिकार हेलपाटे घातले. कधी उत्पन्नाच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट, कधी मालकाची सही चुकीच्या जागी. "या खिडकीने माझ्या चपला खाल्ल्या," असं ती शेजारणीला म्हणायची. मदत मंजूर झाली त्या दिवशी मात्र तिने माझ्यावर धपकन बसकण मारली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. मला फार बरं वाटलं.

पण मित्रांनो, मदत मिळणं वेगळं आणि टिकणं वेगळं. खिडकीतल्या कारकुनाने तेव्हाच बजावलं होतं, "ताई, दर सत्राला चार विषय, आणि चारही पास. एवढं सांभाळा."

ती सांभाळायची, कारण घर दुसरी कुणी सांभाळत होती. तिची थोरली जाऊ. जावाजावा उभा दावा म्हणतात, आणि या दोघींनीही एका स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं भांडी आपटली होती. पण धाकटीने प्रवेश घेतला तेव्हा थोरलीने फर्मान काढलं, "आजपासून स्वयंपाक माझा आणि पुस्तक तुझं. ओट्यापाशी दिसलीस तर याद राख." कॉलरवाली हे सगळ्यांना सांगायची.

दुसऱ्या वर्षी थोरलीला अर्धांगवायूचा झटका आला. तिचा नवरा केव्हाच वारला होता, पोटी मूल नव्हतं. मग तिला उठवणं, बसवणं, भरवणं हे सगळं धाकटीने केलं. अभ्यास मागे पडला तेव्हा तिने कारखान्यातला हिशेब लावला. तिथे चार कॉलरी वेड्यावाकड्या शिवण्यापेक्षा तीन सरळ शिवलेल्या बऱ्या. नापास होण्यापेक्षा एक विषय कमी चालेल असं समजून तिने तो सोडला आणि उरलेल्या तिन्हींत उत्तम गुण मिळवले.

निकाल घेऊन ती मोठ्या ऐटीत खिडकीशी गेली. कारकुनाने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, विषय तीनच?"

"हो, पण गुण बघा की!"

"गुण छान आहेत हो. पण चारपेक्षा कमी झाले की मदत बंद. सोडायच्या आधी एकदा विचारायचं ना मला!"

ती मटकन माझ्यावर बसली. एखादा प्रश्न विचारायचा राहिला म्हणून सगळं हातातून जातं का हो? इथे जातं.

कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानेच तिला फेरविचाराचा अर्ज लिहायला लावला. घरात गंभीर आजारपण असेल तर सूट मिळायची. तिने दवाखान्याचा दाखला जोडला. आठवड्याने उत्तर आलं, आणि ते ऐकायला थोरली स्वतः काठी टेकत, धाकटीच्या खांद्याला धरून आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. केवढीशी बाई! माझ्यावर बसली तरी वजन जाणवेना.

"नाही झालं, ताई," कारकून खिडकीतून म्हणाला. "आई, वडील, नवरा, मुलं, सासू, सासरे. एवढ्याच नात्यांना सूट आहे. जाऊ त्यात बसत नाही."

थोरली काठी आपटत उठली. "का नाही बसत? तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं तर कोण करतं?"

कारकून घुटमळला. "वहिनी करते."

"मग तीही नाही बसत."

त्याने अर्ज परत सरकवला. "मावशी, नियम मी केलेले नाहीत हो. एक सत्र स्वतःच्या पैशाने चार विषय पूर्ण केले, तर मदत पुन्हा सुरू होईल."

"ते पैसे असते तर मी इथे कशाला आले असते, भाऊ?" कॉलरवाली म्हणाली. फी भरायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

थोरली परत माझ्यावर बसली आणि तिचा बांध फुटला. "माझ्यापायी गेलं गं तुझं. टाकायचं होतंस मला दवाखान्यात."

"गप बसा, जाऊबाई. शिक्षिका झाले असते, पण आरशात बघता आलं नसतं." एवढं बोलून कॉलरवालीने तिचे डोळे पुसले, स्वतःचे तसेच ठेवले, आणि तिला हाताला धरून पायऱ्यांकडे नेलं. मला उठून त्यांच्या मागे जावंसं वाटलं. पण चार पाय असून उपयोग काय?

कॉलरवाली पुन्हा आली नाही. खिडकी रोज उघडते, "पुढचा!" अशी हाक येते, आणि दुसरं कुणीतरी माझ्या कडेवर टेकतं.

मित्रांनो, आम्हाला पुसा, आमच्यावर कोरू नका, असं सगळेच बाक सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यातला कुणीतरी मोठा होऊन त्या खिडकीच्या आत बसेल. कुणाला सूट द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरवेल. ठरवण्याआधी एकदा बाहेर या. इथे, माझ्यावर, चांगलं टेकून बसा. शेजारी जी बाई असेल तिला विचारा, "तुमच्या घरी तुमचं कोण करतं?" आणि ती जे नातं सांगेल, ते लिहून घ्या.