नळीतलं रक्त

"अजून पातळच हाय का?" शेषेरावांनी विचारलं. जिल्हा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ते सगळ्यांत जुने.

त्यांच्या हाताखाली तपासण्या करणाऱ्या पंचशीलेने काचेची नळी तिरकी केली. रक्त तिचंच होतं. वीस मिनिटं झाली होती, एव्हाना घट्ट बसायला हवं होतं. पण ते आत्ताच काढल्यासारखं काचेवरून सरकत गेलं.

"मामा, मग पायात कसं गोठलं हे?"

तिची डावी पोटरी सुजून दगड झाली होती. शेषेराव एक पाऊल मागे सरकले.

लातूर जिल्हा होऊन वर्षच झालं होतं. दवाखान्याची पाटी नवी कोरी, नळ कोरडे. टँकरच्या पाण्यात हात घातला की भर उन्हाळ्यात पंचशीलेची बोटं पांढरीफटक पडत, मग निळी. मांड्यांवर जांभळ्या रेषांचं जाळं उमटे. तीन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला गरमीची, म्हणजे गुप्तरोगाची, तपासणी झाली, ती तिने स्वतःच केली. दोनदा. दोन्ही वेळा दोष निघाला. नवऱ्याचं, साहेबरावचं रक्त मात्र स्वच्छ. त्याच दिवशी तो निलंग्याला आईकडे निघून गेला. सासूबाई भामाबाईंनी निरोप धाडला, "तिच्या रगतात दुसरंच कोणीतरी हाय."

तेव्हापासून स्वतःला सुई टोचताना तिला वाटे, आत खरंच कोणीतरी श्वास रोखून बसलंय.

त्या नळीनंतर महिनाभराने हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. "ल्यूपस म्हणतात याला. अंग स्वतःवरच उलटतं. असं रक्त नळीत गोठत नाही, शिरांत गोठतं, बाळाच्या वारेतही. गरमीची तपासणीही खोटी येते. तुला तो रोग कधी नव्हताच."

त्यांनी लिहून दिलेला कागद घेऊन ती निलंग्याला गेली. साहेबरावने तो दारातच दोनदा वाचला.

"चुकलंच की मग. ये, आत ये."

"मी रडून सांगितलं तवा न्हाई ऐकलं तुमी. कागदाचं ऐकलं."

भामाबाईंनी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि हात झटकन मागे घेतला. पंचशीलेने तांब्या उचलला. गार पितळेवर तिची बोटं मेल्यासारखी पांढरी झाली. मायलेक बघत राहिले. कोणी जवळ आलं नाही.

"येते," ती म्हणाली. "उद्या ड्युटी हाय."

येष्टीत तिने सुजलेला पाय बाकावर लांब केला.

"बाई, पाय खाली घ्या," कंडक्टर म्हणाला. "लोकं बसतेत तिथं."

"दोन तिकिटं फाडा," ती म्हणाली, आणि पाय तसाच ठेवला.